तीन वर्षांचं नवरात्र

नवरात्र नऊ दिवसांचं असतं. देव न मानणाऱ्या माणसालाही एवढं माहीत असतं. पण मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावातलं आमचं नवरात्र चौथ्या हिवाळ्यात शिरलं होतं आणि उठायचं नाव घेत नव्हतं.

झालं असं, की मी आणि माझी बायको पद्मिनी मुलाकडे अमेरिकेत पोचलो ते नेमके घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. मार्चपर्यंत राहायचं, बर्फ बघायचा, नातीचे लाड करायचे आणि कैऱ्या बाजारात यायच्या आत नाशिकला परत, असा बेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मिनीने बॅगेतून समई काढली. आमच्या सुनेने, नीनाने, देवांसाठी पॅन्ट्रीतली एक फळी रिकामी करून दिली होती. तिथे घट बसला, अखंड दिवा लागला, धूप घातला गेला, आणि छतावरचा धुराचा अलार्म असा काही केकाटला की शेजारचा गोरा म्हातारा अनवाणी अंगणात आला.

मुलगा देवदत्त जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला. "आई, लाकडी घर आहे हे! नऊ दिवस, नऊ रात्री तेलाचा दिवा? नो वे."

पद्मिनीचा चेहरा पडला. आमची कुलदेवी सप्तशृंगी. लग्न होऊन आली तेव्हापासून पद्मिनीने एकदाही नवरात्रात दिवा चुकवला नव्हता. ती काही बोलली नाही, नुसती समईकडे बघत राहिली. आईचं हे न बोलणं मुलाला सोसत नाही. शिवाय तो एका मोठ्या कंपनीत डायरेक्टर आहे. अशा लोकांना प्रश्न सोडवायचा नसतो, समोरून हलवायचा असतो. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तिला हाताला धरून हॉलमधल्या फायरप्लेससमोर नेलं.

फायरप्लेस म्हणजे भिंतीत बसवलेली गॅसची शेकोटी. समोर काच, काचेमागे मातीची खोटी लाकडं आणि भिंतीवरचं बटण दाबलं की त्यांच्यातून उठणारा खरा जाळ. त्या लाकडांच्या खाली, अगदी कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढी निळी ज्योत जळत होती.

"हा पायलट, आई. फायरप्लेस बंद असला तरी हा चालूच असतो. दिवसरात्र. हाच तुझा अखंड दिवा समज."

पद्मिनी खाली वाकली. तिने ज्योत पाहिली, आणि हात जोडले. घट पॅन्ट्रीतून उचलून फायरप्लेसच्या शेजारी आला. काचेच्या चौकटीवर हळदीकुंकवाची बोटं उमटली. मी त्या वेळी मोठ्याने हसलो होतो.

दसऱ्याला माझं हसू गेलं. पद्मिनीने देवदत्तला सांगितलं, "आता दिवा शांत करायचा, तेवढं बघ." तो कुठल्याशा कॉलवर होता. कानावर हात ठेवून म्हणाला, "राहू दे गं, आता थंडी सुरू होईल. बंद केला तर परत लावायची कटकट." तिने नाशिकच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. गुरुजींनी स्क्रीनवर ज्योत पाहिली, तेल कोण घालतं ते विचारलं, कोणीच घालत नाही हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अखंड चालला आहे तर आपण मुद्दाम मालवू नये, वहिनी. देवीने आपण होऊन निरोप घेतला, तर गोष्ट वेगळी."

मिनेसोटा गॅस पुरवतेय तोवर देवी कशाला निरोप घेते?

आता यात माझं काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. सांगतो. अखंड दिवा तेवत असताना घर बंद करून सगळ्यांनी बाहेर पडायचं नाही, दिव्याजवळ घट बसवणाऱ्या नवराबायकोपैकी एक तरी हवं, अशी आमच्याकडची रीत. नऊ दिवस हे ठीक आहे. तीन वर्षं? मी गावातल्या तळ्याकाठी फिरायला गेलो की पद्मिनी घरी. पद्मिनी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेली की मी घरी. नाशिकला आम्ही रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जायचो. ती भाजी निवडून घ्यायची, मी पिशवी धरायचो आणि भाजीवाल्याच्या राजकारणावर वाद घालायचो. या देशात आल्यापासून आम्ही दोघं मिळून कोपऱ्यावरच्या मेलबॉक्सपर्यंतसुद्धा गेलो नव्हतो. मार्चची तिकिटं कॅन्सल केली, पुढची काढलीच नाहीत. ग्रीन कार्ड देवदत्तने आधीच करून ठेवलं होतं, त्यामुळे सरकारही जा म्हणत नव्हतं. दिवा असा टाकून कसं जायचं?

मला नाशिकला जायचं होतं. अगदी स्पष्ट सांगतो, मला रडू येण्याइतकं जायचं होतं. पण हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. देवदत्तला वाईट वाटलं असतं. पद्मिनी नातीत, सुनेत, देवीत रमलेली दिसत होती. तिला ओढून नेणारा मी कोण? मग मी उलटच करायचो. नाशिकच्या मित्रांचे फोन आले की बढाया मारायचो. स्वच्छ हवा, रुंद रस्ते, हॉर्न नाही, धूळ नाही, स्वर्ग आहे स्वर्ग. फोन ठेवला की खिडकीतून तो स्वर्ग बघायचो. तो पांढरा होता आणि त्यात चिटपाखरू नव्हतं.

बाकी सगळ्यांचं मात्र मस्त चाललं होतं. घरी कायम कोणीतरी असल्यामुळे पार्सलं चोरीला जात नव्हती, प्लंबर आला तर नीनाला ऑफिसातून यावं लागत नव्हतं आणि रुहीला शाळेतून आल्यावर गरम पोळी मिळत होती. ही रुही आमची नात, सोळा वर्षांची. आजीला ती इंग्रजीत समजवायची, "आजी, इट्स लिटरली जस्ट गॅस." तरी गणिताच्या परीक्षेच्या दिवशी फायरप्लेसला नमस्कार करूनच जायची. डिसेंबरात तिला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं, त्या परीक्षेच्या दिवशी तर तिने दोनदा केला.

फायरप्लेसखालचा गॅसचा नॉब फिरवून ज्योत बंद करायला मला कितीसा वेळ लागला असता? मी नास्तिक माणूस, मला कसली भीती? पण पद्मिनीच्या देवाला मी हात लावायचा नाही आणि तिने मला हात जोडायला सांगायचं नाही, हा आमच्या संसाराचा करार होता. देव मी मानत नाही, बायकोला मानतो. ती जास्त कडक आहे.

या जानेवारीत देवानेच माझ्या मनासारखं केलं. ज्योत विझायला लागली.

पहिल्यांदा विझली तेव्हा पद्मिनीने स्वतःच पेटवली. देवदत्तने तिला शिकवून ठेवलं होतं. नॉब दाबून धरायचा, शेजारचं ठिणगीचं बटण टकटक दाबायचं, ज्योत लागली की थोडा वेळ तसाच दाबून ठेवायचा आणि मग सोडायचा. हा थोडा वेळ ती देवीच्या आरतीवर मोजायची. सुरुवातीला एका कडव्यात काम व्हायचं. आठवड्याभरात पूर्ण आरती लागायला लागली. त्यानंतर आरती आणि वर मंत्रपुष्पांजली. ती बिचारी फायरप्लेसपुढे गुडघे टेकून, अंगठा नॉबवर दाबून, मोठ्याने म्हणत राहायची आणि मी पेपर वाचत असल्याचं नाटक करत मनात म्हणायचो, थर्मोकपल चालला.

हे मला सांगायला कोणी नको होतं. नाशिकजवळच्या औष्णिक वीज केंद्रात माझी सगळी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, मोजमापाच्या उपकरणांत, गेली. पद्मिनी चिडली की म्हणायची, "तिथे तरी काय दिवे लावलेत?" तेव्हा मी तिला घरातल्या ट्यूबलाइटकडे बोट दाखवायचो. तर, थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंची जोडलेली काडी. तिचं टोक ज्योतीत असतं. टोक तापलं की काडीत चिमूटभर वीज तयार होते आणि ती वीज गॅसची झडप उघडी धरून ठेवते. ज्योत गेली की वीज गेली, वीज गेली की झडप बंद. ज्योत आहे, अशी साक्ष ही काडी देत असते. ती म्हातारी झाली की ज्योत समोर असूनही तिला साक्ष देता येत नाही. मग नॉबवरचा अंगठा काढला की सगळं विझतं.

मला फक्त काही न करता बसायचं होतं. आयुष्यात इतकं सोपं काम मला कोणी दिलं नव्हतं.

नीनाने फायरप्लेसवाल्याला बोलावलं. तो आला, गुडघे टेकून बघितलं आणि म्हणाला, पूर्ण पायलट असेंब्ली, म्हणजे ज्योतीचं तोंड, नळी आणि थर्मोकपल असा संचच, बदलायला हवी, पण मॉडेल जुनं आहे. त्यापेक्षा नवीन पद्धतीचं बसवा. त्याला कायम ज्योत लागत नाही, बटण दाबलं की ठिणगी पडते आणि जाळ होतो. नीना म्हणाली, "परफेक्ट!" मी मनात म्हणालो, परफेक्ट!

पद्मिनीने मला विचारलं, "म्हणजे यात अखंड काही नाही?"

"नाही."

ती हळूच "असं का" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिचा तो चेहरा देवदत्तने पाहिला. त्याला वाटलं आई खचली. मलाही तसंच वाटलं. त्याने तिथल्या तिथे फोन काढला, जुन्या मॉडेलची पायलट असेंब्ली कुठल्यातरी राज्यातल्या कुठल्यातरी दुकानात शोधून काढली आणि ऑर्डर केली. "मी बसवतो, आई. डोन्ट वरी. व्हिडिओ आहेत."

मी निर्धास्त होतो. देवदत्तने आजवर कपाटाचं दार सरळ लावलेलं नाही.

पार्सल यायच्या आधीच ज्योत गेली. शनिवारी सकाळी पद्मिनीने आरती म्हटली, मंत्रपुष्पांजली म्हटली, वर श्रीसूक्तही म्हटलं. अंगठा काढला की निळं टिंब गडप. तिने परत गुरुजींना फोन लावला. बोलून झाल्यावर आम्हा सगळ्यांना सांगितलं, "आज दिवेलागणीपर्यंत वाट बघायची. लागला तर लागला. नाहीतर देवीने निरोप घेतला असं समजून घट हलवायचा."

"आणि मग?" मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"मग काय, मोकळे," ती म्हणाली आणि पदराला हात पुसत राहिली.

मोकळे! मी वर खोलीत गेलो, पलंगाखालची बॅग जराशी पुढे ओढली आणि तिच्या चाकावरची धूळ पुसली. खिडकीबाहेर बर्फ पडायला लागला होता. मला तो पहिल्यांदाच सुंदर वाटला.

दुपारी बेल वाजली. दारात पार्सल.

रुही तोवर पोहण्याच्या प्रॅक्टिसला गाडी घेऊन गेली होती. देवदत्तने बाह्या सरसावल्या, कॉफी टेबलवर लॅपटॉप ठेवला आणि व्हिडिओ लावला. तोही दीडपट वेगाने, कारण या माणसाला वेळ नसतो. व्हिडिओतला मिस्त्री पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा बोलत होता. देवदत्तने काच काढली, मातीची लाकडं काढून नीनाच्या नव्या गालिच्यावर ठेवली. काजळीचे ठसे बघून नीना आत निघून गेली. पद्मिनी सोफ्याच्या कडेला बसली होती. मी लांबच्या खुर्चीत पेपर घेऊन. पेपर मागच्या रविवारचा होता.

"मागचा कॉक बंद केलास का?" मी विचारलं. एवढं तर कोणीही विचारेल.

"बाबा, नॉब ऑफ आहे."

"नॉब नाही. खाली पाइपवर पिवळ्या दांड्याचा कॉक असेल, तो."

तो शोधायला लागला. मी पेपर खाली ठेवला. माझ्या सुनेच्या, नातीच्या घरात गॅस आहे. इथे गप्प बसणं म्हणजे नालायकपणा होता. मी उठलो, कॉक बंद केला आणि परत जाऊन बसलो. तेवढंच. बाकी त्याचं त्याने बघावं.

त्याने जुनी असेंब्ली काढली. नवी बसवताना गॅसच्या बारीक नळीचा नट त्याने आट्यांवर तिरका धरून पान्याने रेटायला सुरुवात केली. तो कर्रकन आवाज माझ्या दाढांत गेला.

"थांब! थांब, अरे, आटे मारशील! सरक तिकडे."

"बाबा, तुम्ही बसा ना, व्हिडिओत..."

"व्हिडिओला सांग बसायला."

मी खाली मांडी घातली. गुडघे कुरकुरले, पण हात नाही कुरकुरले. नट काढला, आटे फुंकले, आधी बोटांनी सरळ बसवला, मग पान्याने आवळला. गॅसचा जोड होता, तो नीटच करायला हवा होता. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलं. जोडावर साबणाचं पाणी लावायला वाटी मागवली. आता राहिला फक्त थर्मोकपलचा नट. तो देवदत्तने आधीच लावून ठेवला होता.

मी बघितलं आणि गार झालो. त्याने त्याच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली होती. नळाला लावतात ती, पाणी गळू नये म्हणून. झडपेकडच्या टोकावरूनसुद्धा दोन वेढे दिले होते. एवढा खर्च करून याला इंजिनिअर केला आणि हा विजेच्या जोडाला टेप गुंडाळतो! टेपमधून ती चिमूटभर वीज झडपेपर्यंत कशी पोचणार? ज्योत लागेल, पण नॉब सोडला की जाईल. कितीही आरत्या म्हणा.

आणि मग माझ्या लक्षात आलं की हे किती छान आहे.

गॅसचा जोड पक्का आहे, म्हणजे कोणाला धोका नाही. टेप मी गुंडाळलेली नाही, म्हणजे माझ्या अंगावर काही नाही. दिवेलागण तासाभरावर आली आहे. देवदत्त दहादा नॉब दाबेल, कंटाळेल, "डिफेक्टिव्ह पार्ट" म्हणेल आणि परत पाठवेल. तोवर घट हललेला असेल. मार्चमध्ये आम्ही दोघं नाशिकला, संध्याकाळी, बरोबर, भाजीच्या पिशवीसह. मला बोटसुद्धा लावायचं नव्हतं.

मी मान वर केली. पद्मिनीने डोळे मिटले होते. हात जोडलेले, ओठ हलत होते. इतक्या कळवळून देवीला काहीतरी मागताना मी तिला फार वर्षांत पाहिलं नव्हतं. देवदत्त लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा ती अशी बसली होती. मी मघापासून तासाभराचा हिशोब करत होतो आणि ही बाई तिच्या दिव्यासाठी जीव टांगून बसली होती. भाजीच्या पिशवीसाठी हिचा देव मोडायचा? गेलं नाशिक खड्ड्यात.

मी नट उलटा फिरवला, टेप सोलून काढली, टोक माझ्या सदऱ्याने चकचकीत पुसलं. नट आधी हाताने घट्ट, वर पान्याने पाव फेरा. त्याहून जास्त आवळला तर काडी बिघडते, कमी आवळला तर संपर्क राहत नाही. ज्योत काडीच्या टोकाला नेमकी कुठे लागली पाहिजे ते बघून घेतलं. कॉक उघडला. जोडावर साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा आला नाही. नॉब दाबला, टकटक केलं, आणि ज्योत लागली. ती सकाळसारखी मरतुकडी नव्हती. निळी, ताठ, खणखणीत. पद्मिनी आरतीचं पहिलं कडवं म्हणायला लागली. ते संपायच्या आत मी अंगठा काढला.

ज्योत हलली नाही.

"येस!" देवदत्त ओरडला. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि ताबडतोब फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'फिक्स्ड इट'. नीना आतून आली, तिने टाळ्या वाजवल्या. पद्मिनीने हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि वाकलेली बराच वेळ तशीच राहिली. मला वाटलं, कृतज्ञतेने.

देवदत्त आणि नीना किराणा आणायला बाहेर पडले. घरी आम्ही होतोच. मी हात धुऊन आलो, तिच्या शेजारी सोफ्यावर बसलो आणि कौतुकाची वाट बघायला लागलो.

"किती वर्षं चालेल आता?" तिने विचारलं.

"दहा वर्षं हात लावायला नको," मी म्हणालो. छाती जरा पुढे आलीच असेल.

मी वळून बघितलं तर ती रडत होती. आनंदाने रडणारी बाई मला ओळखता येते. हे ते नव्हतं.

"अगं, काय झालं?"

"तुम्हाला इथेच राहायचं होतं, तर तसं सांगायचं," ती म्हणाली. "मी काही नाही म्हटलं नसतं. पण मला आशा तरी लावून घेतली नसती."

"मला राहायचं होतं?"

"मग इतकं चोख कशाला केलंत? मी मघापासून देवीला विनवत होते, आई, लागू देऊ नकोस, ने आता आम्हाला घरी. आणि तुम्ही पुसून काय काढताय, फुंकून काय बघताय! देवदत्तच्या हातून कधी लागला नसता."

"तू... तुला जायचं होतं? तीन वर्षांत एकदा बोलली नाहीस!"

"तुम्ही फोनवर सगळ्यांना स्वर्ग आहे म्हणून सांगता. मग मी काय बोलणार? मला वाटलं, यांना इथे बरं वाटतंय. राहू दे."

आम्ही दोघं त्या ज्योतीकडे बघत बसलो. मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. बाहेर अंधारून आलं होतं. बर्फ आता तिरका पडत होता. रस्त्यावरून एखादी गाडी जायची ती मुंगीच्या पावलाने.

"हे बघ," मी म्हणालो. "अजून काही बिघडलेलं नाही. घरात कोणी नाही. गुरुजींना सांगू, लागला आणि परत गेला. मी आत्ता बंद करतो."

मला वाटलं, ती कानांवर हात ठेवेल. तिने डोळे पुसले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "करा," ती म्हणाली. "तुम्ही तर काही मानत नाही. तुमच्या हातून झालं तर बाधायचं नाही. मी बघत नाही, म्हणजे झालं." आणि तिने खरंच तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी परत खाली बसलो. खालची पट्टी उघडली, नॉब चिमटीत धरला. पाव फेरा फिरवला की झालं. आयुष्यभर देव्हाऱ्यांची टिंगल केलेला माणूस मी. त्या ज्योतीत गॅस किती, हवा किती, ती किती मिलिव्होल्ट तयार करते, हे मला तोंडपाठ.

आणि मला खिडकीबाहेरचा बर्फ दिसला, आणि रुही दिसली. महिन्याभरापूर्वी लायसन्स मिळालेली, ओल्या केसांनी गाडीत बसलेली, या घसरड्या रस्त्यावर कुठेतरी. बोटं नॉबवर होती. ती फिरेनात.

"झालं का?" भिंतीकडे तोंड करून पद्मिनीने विचारलं.

"रुही घरी येऊ दे," मी म्हणालो. "तेवढी ती घरी पोचू दे. मग करतो."

पद्मिनी वळली. मी नॉब धरून खाली बसलोय, हे तिने बघितलं. ती हसली नाही, टोमणाही मारला नाही. माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसली.

"रुही येईल, तेव्हा देवदत्त आणि नीना रस्त्यावर असतील," ती म्हणाली. "ते येतील तर सोमवारी परत तिघं बाहेर. कोणी ना कोणी रस्त्यावर असतंच हो. मी तीन वर्षं दुसरं काय करतेय?"

मी नॉब सोडला आणि पट्टी लावून टाकली. मग आम्ही दोघं तिथेच बसून गाडीचा आवाज यायची वाट बघत राहिलो.